ढोलासमोर कर्णा

विश्रामचा उजवा कान गेला तेव्हा तो सोळा-सतरा वर्षांचा होता. रेल्वेसाठी खडी फोडायच्या खाणीत तो कामाला होता. सुरुंग पेटल्याची आरोळी झाली, सगळे पळाले, आणि विश्राम भाकरीचं फडकं राहिलं म्हणून मागे वळला. धूळ खाली बसली तेव्हा तो फडकं हातात घेऊन जसाच्या तसा उभा होता. ओरखडासुद्धा नाही. फक्त उजव्या बाजूचं जग एकाएकी गप्प झालं होतं.

खाणीच्या मुकादमाच्या मनाला ते लागलं असावं. त्यानेच खटपट करून विश्रामला ठाणे स्टेशनच्या दिवेखोलीत कामाला लावलं. तिथे स्टेशनचे आणि सिग्नलचे कंदील यायचे. त्यांत तेल भरायचं, वाती कापायच्या, काचा पुसायच्या, गळका दिवा असेल तर कथील वितळवून सांधायचा. विश्रामचा हात पत्र्यावर बसला तो कायमचा. तीस वर्षांचा होईपर्यंत डोळे मिटून तो दिव्याचं बूड गोल कापू शकत होता.

बायको रंगूबाई. दोघं ठाण्यातच, खोपटला, आंबराईच्या कडेला दोन खोल्यांच्या घरात राहत. लग्नानंतर आठ दिवसांत रंगूबाईने त्याच्या डाव्या बाजूने चालायची सवय लावून घेतली. भांडण झालं की विश्राम उजवा कान तिच्याकडे करून बसायचा. मग ती शांतपणे उठून दुसऱ्या बाजूला जायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

उरलेला एक कान मात्र त्याने असा वापरला, की दोन कानांच्या माणसाने लाजावं. डब्यात तेल किती आहे हे तो टिचकी मारून सांगायचा. गाडी खाडीपलीकडच्या बोगद्यातून बाहेर पडली की नाही हे तो रुळापाशी वाकून सांगायचा. आणि शिमग्याच्या दिवसांत वारा फिरला, की हातातलं काम टाकून तो खाडीच्या बांधावर जाऊन उभा राहायचा, डावा कान पलीकडे करून. पलीकडे कळवा. कळव्यात महिपतचा ढोल.

महिपत हा तिथल्या मिठागरावर काम करणारा आगरी गडी. वर्षभर मीठ ओढायचा आणि शिमग्यात पंधरा दिवस ढोल वाजवायचा. त्या पंधरा दिवसांत ठाण्यातल्या बायका म्हणे भाकऱ्यासुद्धा त्याच्या ठेक्यावर थापत.

ही गोष्ट अठराशे शहाण्णवच्या शिमग्याची.

त्या साली माघात परशुरामपंतांच्या घरी एक यंत्र आलं. पंत कचेरीतून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले, तळ्याकाठी राहणारे, आणि नव्या वस्तूंचे इतके वेडे, की घरात तीन घड्याळं असून एकाचाही दुसऱ्याशी मेळ नव्हता. यंत्र त्यांनी मुंबईहून मागवलं होतं. फोनोग्राफ. किल्ली दिली की एक मेणाचा रूळ गरगर फिरायचा, त्याच्यावर सुई टेकायची, सुईच्या वर एक पातळ चकती आणि चकतीला पत्र्याचा कर्णा. कर्ण्यात तोंड घालून बोललं की आवाजाने चकती थरथरायची आणि सुई मेणात बारीक रेघ कोरायची. मग दुसरी सुई लावून तीच रेघ फिरवली की बोललेलं सगळं परत ऐकू यायचं. एका रुळावर दोन मिनिटं मावायची. लोक त्याला बोलकी पेटी म्हणत.

त्या पेटीचा कर्णा चेपला म्हणून पंतांनी विश्रामला बोलावलं.

विश्रामने अर्ध्या तासात पोचे काढले, तडा सांधला आणि कर्णा जागेवर बसवला. पंत म्हणाले, "थांब, ऐकून जा." त्यांनी रूळ लावला. पेटीतून खरखर झाली, मग कुणीतरी खाकरलं, आणि पंतांचाच आवाज आला, "मी परशुराम. आज माघ शुद्ध सप्तमी. हे चालू आहे का?"

विश्रामने पेटीतल्या पंतांकडे बघितलं, मग समोरच्या पंतांकडे. मग त्याने आपला डावा कान थेट कर्ण्यात घातला आणि म्हणाला, "पुन्हा लावा."

पंतांनी पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. चौथ्या वेळी 'हे चालू आहे का' आलं आणि विश्रामला जे हसू फुटलं ते आवरेना. तो भिंतीला पाठ लावून खाली बसला, डोळ्यांतून पाणी, पोट धरलेलं. पंतही हसायला लागले. आतून त्यांच्या घरातली माणसं बघायला आली, की दिवेवाल्याला काय झालं.

हसणं ओसरल्यावर पंतांनी आपलं दुखणं सांगितलं. ग्रंथालयात बसून ते बोलून गेले होते, की रंगपंचमीला दुपारी कळव्याचा ढोल याच टेबलावर वाजवून दाखवीन, ढोलही नसेल आणि ढोलवालाही नसेल! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पंतांनी महिपतला घरी बोलावलं, ओसरीवर उभं केलं, कर्णा ढोलापासून वीतभर अंतरावर ठेवला आणि वाजव म्हणाले. पहिल्याच टोल्याला सुई उडाली आणि मेणात नांगर घातल्यासारखा चर पडला. दुसऱ्या वेळी महिपतला अंगणाच्या पार टोकाला पाठवलं. रूळ वाजवून बघितला तर नुसतं टिक, टिक, टिक.

"मग महिपत काय म्हणाला?"

"म्हणाला, ह्यो माजा ढोल नाय, कोंबरी दाने टिपते. आणि ढोल उचलून निघून गेला. आता रंगपंचमीला तीन आठवडे आहेत, आणि ग्रंथालयात रोज कुणी ना कुणी मला विचारतं, काय पंत, कोंबडी अंड्यावर आली का?"

विश्राम पत्र्याचे तुकडे गोळा करत होता. तो थांबला. "पंत, मी बघू का?"

"तू? अरे, तुला तर..." पंत अडखळले आणि त्यांनी आपल्या कानाकडे हात नेऊन खाली आणला.

"हां," विश्राम म्हणाला. "तरी बघतो."

घरी येताना त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. रंगूबाई चुलीपाशी होती. त्याने तिला सगळं एका दमात सांगितलं, पेटी, मेण, खाकरणं, कोंबडी, आणि सांगताना तो खोलीभर फिरत होता, त्यामुळे तिला अर्धंच कळलं. एवढं कळलं की नवरा आज भाकरी खाणार नाही. तो खरंच दोन घास खाऊन उठला आणि कर्णे करायला बसला.

पहिला केला पत्र्याचा, लांब, निमुळता, हातभर. दुसरा पत्र्याचाच पण आखूड आणि तोंडाला सुपासारखा. दोन्ही सुबक झाले. पण टिचकी मारली की दोन्ही टण्ण करून वाजायचे. विश्रामने त्यांना गोणपाट गुंडाळलं, तरी मेले आतल्या आत गुणगुणत राहायचे.

"पत्र्याला स्वतःचंच बोलायचं असतं," तो वैतागून म्हणाला. "दुसऱ्याचं ऐकायला याला सवड कुठे?"

"मग न बोलणाऱ्या वस्तूचा करा," रंगूबाई म्हणाली. ती खळ शिजवत होती, चिंचोक्याची, सुताला लावायला. विश्रामने त्या खळीकडे बघितलं. मग तो धावत दिवेखोलीत गेला आणि रद्दीत पडलेली गाड्यांच्या वेळापत्रकांची मोठी मोठी पानं घेऊन आला. पत्र्याच्या लांब कर्ण्याचाच साचा करून त्याने त्यावर कागद आणि खळ, कागद आणि खळ, असे बारा थर चढवले. रंगूबाईची खळ संपली, तिने दुसरी शिजवली. दोन दिवस उन्हात वाळल्यावर आतला पत्रा ओढून काढला. कागदाचा कर्णा उभा राहिला, सुपारीसारखा कडक, हलका, आणि टिचकी मारली तर नुसता 'टप' म्हणून गप्प होणारा. त्याच्या तोंडावर कल्याणपासून इगतपुरीपर्यंतची सगळी स्टेशनं इंग्रजीत गोल फिरत होती.

पंतांनी तो बघितला आणि कपाळाला हात लावला. "हे मुंडासं आहे की यंत्र?"

"उद्या सकाळी कळव्याला जाऊ," विश्राम म्हणाला. "ऊन चढायच्या आत. मेण पातळ होतं ना?"

सकाळी दोघे होडीत बसले. पेटी गोधडीत गुंडाळून पंतांच्या मांडीवर, तीन कर्णे विश्रामच्या गळ्यात दोरीने बांधलेले, आणि कोरे रूळ ओल्या फडक्याखाली मडक्यात. नावाडी सारखा मागे वळून बघत होता, त्यामुळे होडी दोनदा चिखलात गेली.

महिपत अंगणात जाळं सांधत बसला होता. पंतांना बघून त्याने तोंड फिरवलं.

"कोंबरी घेऊन आलं का परत?"

पंत काही बोलायच्या आत त्याची बायको आवडाबाई बाहेर आली. उंच, धिप्पाड, मिठागरावर पुरुषाच्या बरोबरीने टोपल्या उचलणारी. तिने विश्रामच्या गळ्यातले कर्णे बघितले आणि पदर तोंडाला लावला.

"ह्यो कोन?"

"मी विश्राम. स्टेशनात दिवे करतो. तुमच्या ढोलासाठी आलोय. दरसाल बांधावर उभा राहून ऐकतो मी, पलीकडून. वारा पडला की ढोल निम्म्यात तुटतो. आज पुरा ऐकायचाय."

असं कुणी महिपतला कधी म्हणालं नव्हतं. त्याने जाळं बाजूला ठेवलं. तरी मान वाकडीच. तेव्हा आवडाबाईनेच घरातून ढोल आणून त्याच्या मांडीवर आदळला. "वाजव रं! मानूस पानी ओलांडून आलाय."

महिपतने ढोल गळ्यात अडकवला. एका अंगाचं कातडं पातळ, त्यावर बारीक काठी कडकड करत नाचायची. दुसऱ्या अंगाचं जाड, त्यावर वाकड्या दांडक्याचा टोला बसला की पोटात घुम्म व्हायचं. त्याने सुरुवात केली आणि अंगणातल्या सगळ्या कोंबड्या कुडावर चढल्या.

पंत घाईने पेटी मांडायला लागले. विश्रामने त्यांचा हात धरला. "थांबा. आधी मला ऐकू दे."

आणि त्याने लांब पत्र्याच्या कर्ण्याचं निमुळतं टोक आपल्या डाव्या कानात घातलं, तोंड ढोलाकडे केलं आणि महिपतच्या भोवती फिरायला लागला. काठीच्या अंगाला आला आणि केवढ्याने तरी ओरडून मागे झाला, कानात कुणी खिळा ठोकल्यासारखं झालं होतं. मग सुपासारखा घेतला. मग कागदाचा. कधी वाकून, कधी टाचा उंचावून, कधी चक्क जमिनीवर पालथा पडून. वस्ती गोळा झाली. माणसं हसून हसून एकमेकांच्या खांद्यावर पडत होती. स्टेशनातला माणूस कानात भलामोठा कागदी भोंगा घालून ढोलाला प्रदक्षिणा घालतोय, डोळे मिटलेत, आणि तोंडाने पुटपुटतोय, "इथे नुसतं कडकड... इथे नुसतं घुम... इथे भिंत मध्ये बोलते..."

"भिंत बोलते?" पंत ओरडले. "काय बोलते?"

"ढोल बोलला की मागनं तेच बोलते. महिपतदादा, भिंतीसमोर नको, पेंढ्याच्या गंजीसमोर उभे रहा. पेंढा गप्प बसतो."

महिपत वाजवत वाजवतच गंजीपुढे गेला. विश्राम पुन्हा फिरला. आणि एका जागी तो खिळल्यासारखा थांबला. जाड कातड्याच्या अंगाला, ढोलापासून चार हात लांब, ढोलाच्या पोटाइतक्या उंचीवर. कर्ण्याचं तोंड त्याने कातड्यावर सरळ न धरता जरासं तिरकं केलं, टोल्याचा वारा बाजूने निघून जाईल असं. आणि त्याच्या कानात ढोल आला. सबंध. पोटातला घुम्म आणि त्याच्यावर मोहरीसारखी तडतडणारी काठी, दोन्ही एकदम, दोन्ही आपापल्या जागी. तेरा वर्षांत त्याने इतकं पुरं काही ऐकलं नव्हतं.

विश्राम नाचायला लागला. कर्णा कानात तसाच. एक हात वर, एक पाय वर, आणि तोंडाने, "हीच! हीच! हीच जागा!"

वस्तीला एवढं पुरे होतं. सगळेच नाचायला लागले. पंतांचं उपरणं कुणीतरी ओढलं, आणि ते पेटीला मिठी मारून "अरे, यंत्र! अरे, यंत्र!" करत गोल फिरले.

दम खाल्ल्यावर पंतांनी विचारलं, "पण तुला कसं कळलं? मला तर अंगणात कुठंही उभा राहिलो तरी ढोल छानच ऐकू येतो."

"म्हणूनच तुम्हाला सापडत नव्हतं," विश्राम म्हणाला. "तुम्ही दोन कानांनी ऐकता. एकाला कमी पडलं की दुसरा भरून घेतो, आणि तुमचं तुम्हाला कळतसुद्धा नाही. तुमच्या पेटीला कान एकच आहे. माझ्यासारखा. मला जिथे पुरा ऐकू येतो, तिथेच तिला येणार."

पंतांनी मग आपल्या हाताने कागदी कर्णा पेटीला बसवला.

कुणीतरी कुठूनसं एक टेबल आणलं होतं, पण पेटी त्यावर ठेवायला विश्रामने हरकत घेतली. टोल्याचा हादरा जमिनीतून टेबलाच्या पायात चढत होता, हाताला लागत होता. आवडाबाईने भाताच्या तुसाची दोन पोती आणली, एकावर एक रचली, आणि पेटी त्यांच्यावर बसली, गादीवर बसल्यासारखी. विश्रामने टाचेने मातीत रेघ ओढली. "दादा, ह्या रेघेवर उभं राहायचं."

पंतांनी किल्ली दिली, सुई टेकवली, हात वर केला. महिपतने टोला घातला. सुई उडाली नाही! दोन मिनिटं झाली, पंतांनी सुई उचलली, दुसरी लावली, सगळे पुढे झुकले.

आधी ढोल आला. खरा ढोल. मग तो लांब गेला. मग एकदम जवळ आला. मग नुसतीच काठी. मग काहीच नाही. मग धाडकन पुन्हा घुम्म.

"ह्यो काय पान्यावर होरीत बसलाय काय ढोल?" कुणीतरी म्हणालं.

विश्रामने महिपतच्या पायांकडे बघितलं. रेघ कधीच पुसून गेली होती. दोन मिनिटांत महिपत अर्ध्या अंगणाची सैर करून आला होता.

"दादा, नाचायचं नाही."

"नाचाचं नाय?" महिपतला ते समजेच ना. "मंग वाजवाचं कसं?"

दुसरा रूळ लावला. महिपतने फार प्रयत्न केला. दात आवळले, गुडघे ताठ केले. आणि ढोल असा वाजला, की कचेरीत कुणी शिक्के मारतंय. महिपतनेच मध्ये थांबून दांडकं टाकून दिलं. "ह्यापरीस कोंबरी बरी."

मडक्यात आता एकच कोरा रूळ उरला होता. ऊन गंजीच्या माथ्यावर आलं होतं. पंत मडक्यात डोकावून डोकावून बघत होते, मेण घामेजलं की काय. विश्राम महिपतभोवती हिंडत होता, काय करावं सुचत नव्हतं. बांधून ठेवावं तर तो वाजवणार कसा?

"सरा," आवडाबाई म्हणाली.

तिने पदर खोचला, नवऱ्याच्या मागे जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हातांनी त्याची कंबर धरली, मिठाची भरली टोपली धरावी तशी. "आता नाच कवरा बी. पाय उचल, जागा सोरू नको. मी हाय."

माणसांत हशा पिकला. महिपत लाजून लालबुंद झाला. "अगं, समदी बगतान!"

"बगू दे. वाजव!"

पंतांनी हात वर केला. महिपतने टोला घातला, आणि या वेळी तो नाचला. गुडघ्यात, खांद्यात, मानेत, सगळ्या अंगाने नाचला, पण कमरेला आवडाबाईच्या हातांची खुंटी पक्की. तो उडी मारायचा आणि ती त्याला होता तिथेच खाली आणायची. तिच्या काचेच्या बांगड्या ठेक्यावर किणकिणत होत्या. विश्राम कर्ण्याशेजारी ओणवा, डोळे मिटलेले, ओठांवर बोट ठेवून सगळ्या वस्तीला गप्प करत होता. वस्ती तोंडात पदर आणि पटके कोंबून उभी होती. शेवटी शेवटी महिपतने अशी गिरकी मारायचा बेत केला की आवडाबाई त्याच्यासकट गंजीत कोसळली, आणि तिचं खदखदून हसणं कर्ण्यात शिरलं. त्याच क्षणी पंतांनी सुई उचलली.

दुसरी सुई विश्रामने लावली.

खरखर झाली. आणि कागदाच्या कर्ण्यातून महिपतचा ढोल बाहेर आला. लहान होता, टोपलीखाली झाकल्यासारखा होता, पण तोच होता. घुम्म होता, काठी होती, आणि मधूनच पाखरासारख्या बांगड्या. शेवटी हसणं.

महिपत हात लोंबते सोडून ऐकत होता. ढोल त्याच्या गळ्यात होता, हात रिकामे होते, आणि ढोल वाजत होता. त्याने एकदा आपल्या हातांकडे बघितलं. "ह्यो मी हाय," तो हळूच म्हणाला. मग मोठ्याने, "आगं, ह्यो मी हाय!" आणि आपल्याच ढोलावर त्याचे पाय उचलले गेले. आयुष्यात पहिल्यांदा महिपत दुसऱ्याने वाजवावं आणि आपण नाचावं तसा नाचत होता.

"पुन्हा लावा!" वस्ती ओरडली. पुन्हा लावलं. "आजून येकदा!" अजून एकदा लावलं. चौथ्या वेळी पंतांना आठवलं, की दर वेळी सुई मेण झिजवते, आणि त्यांनी रूळ ओढून काढून मडक्यात टाकला. पेटी उचलून ते खाडीकडे असे पळाले, की विश्रामला कर्णे घेऊन त्यांच्यामागे धावावं लागलं. वस्ती होडीपर्यंत नाचत आली.

रंगपंचमीला दुपारी ग्रंथालयाचा दिवाणखाना भरून गेला. वकील, मास्तर, कचेरीतले कारकून, सगळे पगड्या घालून ओळीने बसलेले. काही जणांनी येताना मुद्दाम खिशातून ज्वारीचे दाणे आणले होते, पंतांच्या कोंबडीला टाकायला. बायका खिडक्यांबाहेर आंब्याखाली होत्या, त्यांत रंगूबाई. विश्राम स्टेशनचा निळा डगला घालून दाराशी उभा होता.

पंतांनी पेटी टेबलावर ठेवली, कर्णा लोकांकडे वळवला आणि विश्रामकडे बघितलं. विश्रामने 'असं नाही' म्हणून मान हलवली. पंत म्हणाले, "ये ना मग. तूच ठेव."

सगळ्या पगड्या वळल्या. विश्राम मधल्या वाटेने पुढे आला. त्याने एकदा टाळी वाजवून आवाज कुठून परत येतो ते ऐकलं, टेबल ओढत कोपऱ्यात नेलं आणि कर्ण्याचं तोंड लोकांकडे न करता कोपऱ्यातल्या भिंतींच्या सांध्याकडे केलं.

"अहो, भिंतीला ऐकवताय का?" मागून एक वकील म्हणाले.

"कळव्याला भिंत नको होती, साहेब. इथे पाहिजे," विश्राम म्हणाला. "हा कोपराच आता कर्णा."

आणि ढोल सुरू झाला. दोन्ही भिंतींवरून उघडत, मोठा होत, तो दिवाणखान्यात पसरला. पहिल्या ओळीतल्या मास्तरांचा पाय हलला. त्यांनी तो दुसऱ्या पायाने दाबून धरला, तर दुसराही हलायला लागला. शिरस्तेदारांचे जुने सोबती मान डोलवत होते. ज्वारीवाल्या वकिलांच्या मुठीतले दाणे ठेक्यावर खुळखुळत होते, त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं. मग कुणीतरी उठलंच. मग दुसरं. ज्या दिवाणखान्यात मोठ्याने खोकायलासुद्धा बंदी होती तिथे खुर्च्या मागे सरकल्या, पगड्या बगलेत गेल्या, आणि मुठीमुठीने गुलाल उधळला गेला. पुस्तकांच्या कपाटांच्या काचा गुलाबी झाल्या.

शेवटी आवडाबाईचं हसणं आलं आणि सगळा दिवाणखाना तिच्याबरोबर हसला.

खिडकीतून रंगूबाईचा आवाज आला, "अहो! ही कोण बाई हसतेय? तुम्ही तिकडे नेमके काय करत होतात?"

विश्राम खिडकीकडे वळला. त्याच्या मिशा गुलालाने भरल्या होत्या. "मी? मी कान धरून उभा होतो!"

तो रूळ दीड महिना टिकला. ज्याला त्याला ऐकायचा होता, आणि पंतांना कुणाला नाही म्हणवत नव्हतं. आधी बांगड्या गेल्या, मग काठी, मग घुम्म, आणि वैशाखात नुसती खरखर उरली. पंतांनी रूळ तासून गुळगुळीत केला आणि पुढच्या आवाजासाठी ठेवला.

पुढचा आवाज लांब नव्हता. कळव्याच्या ढोलाची बातमी खाडीकाठाने वर गेली, आणि एका सकाळी कोपर गावची चार माणसं दिवेखोलीच्या दारात येऊन उभी राहिली. त्यांचं म्हणणं, कळव्याचा ढोल पेटीत मावला यात नवल काय, तो आहेच बारका. आमचा मावतो का ते बघा. शिवाय आमच्यात सनई आहे.

"सनई?" विश्रामच्या हातातली वात खाली पडली. ढोल आणि सनई, दोन्ही एकाच कर्ण्यात! सनई पुढे, ढोल मागे. की सनई वर, झाडावर? त्याने तिथल्या तिथे दोन कंदील फरशीवर ठेवून एक ढोल केला, एक सनई केली, आणि त्यांच्यामधून ओणवा फिरायला लागला. कोपरची माणसं एकमेकांकडे बघत राहिली.

पुढच्या चार-पाच वर्षांत त्याने असे किती रूळ भरले याची नोंद कुणी ठेवली नाही. कर्णा मात्र दरसाल नवा करावा लागे, कारण पावसाळा आला की चिंचोक्याच्या खळीच्या वासाने झुरळं जमत आणि कल्याणपासून इगतपुरीपर्यंतची सगळी स्टेशनं खाऊन टाकत. रंगूबाई दर दिवाळीनंतर मोठं पातेलं चुलीवर चढवायची आणि खळ ढवळता ढवळता विचारायची, "यंदा कुणाचा ढोल?"

मग विश्राम सांगायला बसायचा, आणि पातेलं उतू जाईपर्यंत दोघांनाही भान नसायचं.